नाना सुतारांची तीन पायांची खुर्ची

आमच्या वाडीच्या नांगराला शिंपला असायचा. दुसरीकडं कुठं असा नांगुर तुमी बगितला नसंल. नांगुर हाकताना हातात धरायची मूठ असती, रुमनं म्हनत्यात तिला. बाकीच्या गावांत ती साधी, हाताला बसंल अशी. आमच्यात त्या मुठीच्या टोकाला शिंपला कोरलेला, शिंपल्याखाली दोन पानं, आन त्यातलं एक आखूड आन एक लांबडं, एका अंगाला वळलेलं. कुनी म्हनलं, नाना, एक पान चुकलं जनू, तर नाना सुतार चष्मा कपाळावर ढकलायचं आन म्हनायचं, "आधी चुकत व्हतो. आता न्हाई."

मी शाळंत गेलेली बाई न्हाई. मी सांगती आन नात लिवती. तिला म्हनलं, नानांचं आधी लिव. माझं काय, शेळ्या आन डोंगूर.

वेल्ह्याच्या डोंगरात आमची वाडी बारा-पंधरा उंबऱ्यांची. वर गायरान, खाली वढा, मधी भाताची खाचरं. नाना आमचं बलुतेदार. सुगीला त्येंनी घरटी धान्य न्यायचं, आन वरीसभर नांगुर, जू, दाराच्या चौकटी, पाळनं करून द्यायचं, असं आज्या-पंज्यापास्नं ठरलेलं. त्या ठरावात शिंपला न्हवता. त्यो नानांनी घातला.

पेरनी तोंडावर आली की मानसं नांगुर न्यायला दारात उभी, आन नाना पानाची शीर काढत बसलेलं. कवा देनार म्हनलं की एकच शबुद. "घाई न्हाई." कुनी चिडलं, कुनी हात जोडलं, तरी त्येच. "घाई न्हाई." एका साली आमचं मालक तापलं. म्हनलं, घाई तुमाला न्हाई, जमिनीला हाय. आन अर्धा झालेला नांगुर खांद्यावर टाकून शेतात घेऊन आलं. थोड्या वेळानं बगती तर नाना बांधावर बसल्यालं, हातात पटाशी. मालकांनी नांगराची एक रेघ, एक तास मारलं, बैल वळवायला थांबलं, की नाना उठायचं, रुमन्याचं दोन टवकं काढायचं, परत बांधावर. परत वळलं की परत दोन टवकं. दिस मावळायला खाचर आन पान संगंच झालं. मालक म्हनलं, जलमात असा नांगुर हाकला न्हाई, मागनं बैलागत सुतार चालतोय.

एकदा कुनी तक्रार केली, शिंपला तळहाताला रुततो. नानांनी त्याचा हात धरून बगितला आन म्हनलं, "रुततो म्हंजी तू चुकीच्या जागी धरतोस." त्यो गडी मरस्तवर रुमनं शिंपल्याखाली धरायचा. हाताला घट्टं बी तिथंच पडलं व्हतं.

ह्या सगळ्याला कारन त्येंच्या पडवीतली खुर्ची.

आमच्या वाडीत दुसरी खुर्ची न्हवती. आमी बायांनी तर कचेरीतलीबी बगितली न्हवती. पर ही तसली न्हवतीच. तिला सरळ असं काय न्हवतंच. शेळी उडी मारायच्या आधी मागचा पाय कसा वाकवती, तसं तिचं पाय. हात टेकायच्या दांड्या वेलीच्या तान्यावानी वळलेल्या. कोरीव कामाच्या फटीत सोन्याचा वर्ख ऱ्हायलेला, नखात हळद ऱ्हाती तेवढा. बसायच्या जागंला इटलेलं गुलाबी फुलांचं कापड. आन पाठीच्या माथ्यावर त्योच शिंपला, खाली एक पान आखूड, एक लांब. पाय मातुर तीनच. चौथ्या पायाच्या जागी ऐनाच्या लाकडाचा ठोकळा लावलेला. वरनं घोंगडं. दर सोमवारी घोंगडं काढून झाडायचं, खुर्ची फडक्यानं पुसायची, परत झाकायची.

त्या कामाला रोकोको म्हनत्यात, असं नाना सांगायचं. आमाला त्यो शबुद हसायचा झाला. कुनाची कोंबडी खुराड्यात वरडली की बाया म्हनायच्या, नानांकडं पाव्हनी आली. नाना ऐकायचं, रागवायचं न्हाईत. कोंबडीला कळतंय तेवढंबी तुमाला कळत न्हाई, म्हनायचं.

एकदा कचेरीतला एक सायेब भाताची पाहनी करायला आला. वर चढून दमला व्हता. कुनीतरी त्याला खुर्ची दावली. त्यो घोंगडं उचलाय लागला तर नाना आडवं आलं.

"ती बसायची न्हाई, सायेब."

"मग कशाची हाय?"

"ती उभी ऱ्हायची हाय."

सायेबाला वाटलं आपली मस्करी करतोय. आमच्या पाटलाचं तोंड पांढरं पडलं. नानांनी मातुर लाकूड तासायचा आपला ठोकळा पुसून म्होरं ठिवला आन सायेबाला हाताला धरून त्यावर बसवलं. दुपारभर सायेब त्यावरच. उठला तवा इजारीला मागनं ढलप्या चिकटल्या व्हत्या, आन त्या काढाय कुनाचा हात धजंना. तसाच उतरून गेला बिचारा.

चौथ्या पायाचं काम आमी बगत आलो ते कायम चालूच. नाना पाय करायचं, खुर्चीखाली धरून बगायचं, मान हलवायचं, आन टाकून द्यायचं. शिसवीचं, सागाचं, आंब्याचं. टाकलेलं पाय वाडी उचलून न्यायची. माझ्या गोठ्यात चारी खुट्ट्या त्याच. शेळ्या बांधलेल्या सरदारी थाटात. कुनाच्या ताकाच्या रवीला, कुनाच्या बाजल्याला, असं त्या खुर्चीचं पाय सगळ्या वाडीत हिंडलं. खुर्ची तेवढी तीन पायांवर.

आता माझं थोडं सांगती, त्याबिगर म्होरलं कळायचं न्हाई.

मला एकच पोरगी, चंद्री. दोन वरसांची असताना तिला ताप आला. नऊ दिस ताप. उतरला तवा उजवा पाय संगं घेऊन गेला. पाय व्हता, पर वाढला न्हाई. बारीक ऱ्हायला, आखूड ऱ्हायला. ती सात वरसांची असताना मालक गेलं. रानात गवत कापताना पान लागलं, म्हंजी साप चावला, घरी आनस्तवर संपलं. म्या रडून घेतलं आन दुसऱ्या आठवड्यात शेळ्या सोडल्या. कोन सोडनार दुसरं? चंद्रीला डोंगरावर नेता येत न्हवतं. नाना म्हनलं, "सूनबाय, हितं सोडत जा. ढलप्या येचंल." आमच्या मालकांना ते गावकीच्या नात्यानं पुतन्या म्हनायचं, म्हनून मी सूनबाय.

नानांचं मागं-म्होरं कुनी न्हवतं. बायको तरनेपनीच गेली, दुसरी केली न्हाई. एकल्या गड्याच्या पडवीत पोर सोडती म्हनून बाया बोलल्या. म्या ऐकून घेतलं. बोलनारींनी शेळ्या राखल्या न्हाईत.

महिनाभर नाना निस्तं चंद्रीचं चालनं बगत व्हतं. पोरगी खालीवर, खालीवर चालायची. मग एक दिस म्या डोंगरावरनं आले तर चंद्री दारात उभी, माझ्या काखंपतुर यायची ती एकदम उंच. आखूड पायाखाली नानांनी आंब्याच्या लाकडाचा तळ केला व्हता, चार बोटं जाड, आतनं पोकळ, वजनाला हलका, वरनं कातड्याचा पट्टा. खालीवर व्हायचं ऱ्हायलं असं न्हाई, पर निम्म्यावर आलं. म्या उलटा करून बगितला. तळाला शिंपला.

म्या म्हनलं, नाना, हा कुनाला दिसनार?

"चिखलाला," म्हनलं.

आन खरंच. पावसुळ्यात ती कुठं गेली ते मला हुडकावं लागायचं न्हाई. एक अनवानी पाऊल, एक शिंपला, एक पाऊल, एक शिंपला, असं वढ्यापतुर. पोरगी वाढली तसा दर वरसाला नवा तळ. लगीन न झालेल्या पोरीला दर वरसाला बांगड्या भराव्यात, तसा नाना शिंपला भरायचं.

खुर्चीची गोष्ट त्येंनी पैल्यांदा चंद्रीला सांगितली. तळाचं माप घेत व्हतं तवा. मी शेजारी नाचनी निवडत व्हते, म्हनून माझ्याबी कानावर आली.

संस्थान व्हतं तवा भोरात एका सरदाराचा बंगला व्हता. सरदार वारलेलं, बाईसाहेब एकल्या. दिवानखान्यात आठ खुर्च्या, एक लांब कोच, एक आरसा, सगळं एकाच घडनीचं. त्येंच्या सासऱ्यानं ममईच्या कुन्या गोऱ्याकडनं घेतलेलं, आन गोऱ्यानं फ्रान्स म्हनून मुलूख हाय तिथनं आनलेलं. त्याला वाळवी लागली म्हनून नानांना बलावनं गेलं. दोन महिनं ऱ्हायलं तिथं. वाळवी काढली, ढिलं सांधं बसवलं. आन काम करता करता त्येंच्या ध्यानात आलं, वरच्या शिंपल्याची दोन अंगं सारखी न्हाईत. आठीच्या आठी खुर्च्यांना एक पान चार बोटं, एक सात.

सुताराचा जलम कोन मापायच्या गुन्यात आन ओळंब्यात जातो. दोन बाजू सारख्या न्हाईत म्हंजी चौकट तिरकी, चौकट तिरकी म्हंजी दार लागत न्हाई. नानांना वाटलं, तिकडचा कुनी शिकाऊ कारागीर असंल, चुकला असंल, आपन झाकून घ्यावं. बाईसाहेबांना सांगितलंबी न्हाई. पटाशी घेतली आन सात खुर्च्यांची लांब पानं छाटून आखुडाजोगी केली. चांगलं वर्ख लावलेलं काम, त्याची धूळ केली. आठवीचा पाय मोडला व्हता म्हनून ती कोपऱ्यात पडलेली, ती तेवढी ऱ्हायली.

मग मोठ्या दिमाखात बाईसाहेबांना दावायला बलावलं. बाईसाहेबांनी पैल्या खुर्चीच्या माथ्यावरनं हात फिरवला. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. सातवीपतुर गेल्या आन थांबल्या.

"नाना, ते पान लांब नव्हतं," त्या म्हनाल्या. "त्या अंगानं वारा येत होता. तुम्ही वारा थांबवलात."

एवढंच. शिवी न्हाई, आवाज न्हाई. शिवी दिली असती तर फिटलो असतो, असं नाना म्हनायचं. उलट त्येंनी नानांना खाली बसवलं, ह्या कामाला रोकोको म्हनत्यात ते सांगितलं, पान्याची लाट, शिंपला, वाऱ्यानं वळलेलं पान, ह्याच्यात दोन बाजू मुद्दाम सारख्या ठिवत न्हाईत हे सांगितलं. आन निघताना आठवी खुर्ची नानांच्या हवाली केली. म्हनाल्या, हिचा पाय करून आणा. घाई नाही.

तवा मला कळलं. "घाई न्हाई" हा नानांचा शबुदच न्हवता. बाईसाहेबांचा व्हता. आमी बारा महिनं तेरा काळ त्याला शिव्या दिल्या.

त्याच सुमाराला संस्थान गेलं. भोरातली मानसं कुठं कुठं गेली. आमाला वर डोंगरात त्याचं काय. नाना पाय करत ऱ्हायलं, वाडी ते उचलत ऱ्हायली.

चंद्री सोळाची झाली. पोरगी दिसायला नीट, कामाला वाघीन, पर लगीन जमंना. तुमाला ठावं असंल, पोरगी बगाय येत्यात तवा तिला पाटावर बसवत्यात. नाव पुसत्यात, सुपात दानं घालून पाखडाय सांगत्यात, मग ऊठ म्हनत्यात. माझी पोरगी तिथं मार खायची. पाट भुईला टेकलेला. आखूड पायावर जोर येत न्हाई, म्हनून तिला उठताना हात भुईला टेकावा लागायचा, मग दुसरा हात, मग कंबर वर. गाय उठती तशी. दोन ठिकानची मानसं आली. दोन्ही बारीला तिनं हात टेकला आन पाव्हन्यांनी एकमेकांकडं बगितलं. शिरा खाल्ला, कळवतो म्हनलं, गेली. दुसऱ्यांदा ती गेल्यावर चंद्री गोठ्यात जाऊन शेन भरत बसली. रडली न्हाई. माझ्यावर गेलीया.

तिसरं ठिकान माझ्या भावानं आनलं, शिवऱ्याचं. सडकंच्या कडंला गाव, घरची शेती, बैलांचा यवहार. मुलाला आई न्हवती, बा आन पोरगा दोघंच. भाऊ म्हनला, अक्के, आता हे गेलं तर पोरगी तुझ्यासंगं म्हातारी हुईल. आन त्यानं युगत काढली. पाव्हनं यायच्या आधीच चंद्रीला पाटावर बसवायची. उठवायचीच न्हाई. काल वढ्यावर पाय मुरगाळला म्हनून सांगायचं. लगीन लागलं की लागलं.

मला ते पटलं न्हाई. पर म्या व्हय म्हनलं. आईला पटायचं काय असतंय त्यात? चंद्रीचा लाकडी तळ म्या सोता धान्याच्या कनगीमागं दडवला.

नानांना हे कुनी सांगितलं मला म्हाईत न्हाई. चंद्रीनंच सांगितलं असनार. पाव्हनं यायच्या दिवशी सकाळी अंगन सारवून झालं, आन बगती तर नाना चालत येत्यात, डोक्यावर खुर्ची. घोंगडं न्हाई. उनात त्यो उरलासुरला वर्ख चमकत व्हता. वाडीतली मानसं दारादारात उभी. बारा वरसं जी खुर्ची पडवीतनं हलली न्हाई, ती रस्त्यानं चालली.

नानांनी ती माझ्या वसरीवर ठिवली. चार पायांवर. ठोकळा न्हाई.

म्हनलं, पोरीला हिच्यावर बसवा.

भाऊ पिसाळला. "सुतारा, तुला खूळ लागलंय व्हय? सासरा घोंगड्यावर आन पोरगी सिंव्हासनावर? येनाऱ्यांनी उंबऱ्यातनंच माघारी जावं म्हनतोस?"

भावाचं खोटं न्हवतं. थोरांच्या म्होरं आमी बाया पाटाच्यावर कवा बसलो न्हाई. मी सोता आजपतुर खुर्चीवर बसले न्हवते. नानांनी निस्तं खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात ठिवून, दाबून, मला दावलं. मी बगितलं. दांड्या उंच व्हत्या. हात भुईला टेकायचं काम न्हवतं.

म्या चंद्रीकडं बगितलं. तिच्या हातात तिचा तळ व्हता. कनगीमागनं काढला व्हता तिनं, कवाच. सकाळी सारवलं ते पायात घालूनच.

म्या म्हनलं, "तळ घाल आन बस."

पाव्हनं आलं, बा आन मुलगा. बा उंच, दाढी वाढलेला, बोलायला कमी. अंगनात थांबला, खाली बगितलं, वर बगितलं, मग वसरीवर आला. खुर्चीवर पोरगी बगून त्यानं जोडं काढायचं थांबवलं. भाऊ तोंड उघडनार, तेवढ्यात नाना म्होरं झालं.

"पाव्हनं, ह्या खुर्चीचं एक पान लांब हाय," नाना म्हनलं. "आन पोरीचा एक पाय आखूड हाय. दोन्ही आधीच सांगतो. मुरगाळलाबिरगाळला काय न्हाई."

 भावानं कपाळावर हात मारला. मला वाटलं, सोळा वरसं पोर सांभाळली आन आज ह्या मानसानं तिचं वाटोळं केलं.

मुलाचा बा खुर्चीपाशी गेला. पोरीकडं न्हाई, शिंपल्याकडं बगितलं. बोटानं आधी आखूड पान चाचपलं, मग लांब.

"ही चूक हाय का केलीया?"

"मीबी चूकच समजलो व्हतो," नाना म्हनलं. "तशा सात खराब केल्या म्या. ही वाचली. आता हिला हात लावनार न्हाई, कुनाला लावूबी देनार न्हाई."

 मग पाव्हनं म्हनलं, "चाल, पोरी."

चंद्रीनं दोन्ही दांड्यांवर हात ठिवलं आन उठली. एका दमात, सरळ. भुईला बोट लागलं न्हाई. उठली तवा ती माझ्यापेक्षा उंच दिसली. मग चालली. दारापतुर गेली, माघारी आली. खालीवर, खालीवर, हाय ती चाल. काय दडवलं न्हाई तिनं. पोरगा एवढा वेळ आपल्या अंगठ्याकडं बगत व्हता, त्यानं मान वर केली.

"मला अंगनातच कळलं व्हतं," पाव्हनं भावाला म्हनलं. "वल्या सारवनावर एक पाऊल आन एक शिंपला, एक पाऊल आन एक शिंपला. म्हनलं एका पायात काहीतरी हाय. बगत व्हतो, सांगत्यात का न्हाई. मी बैलांचा गडी. खोड असलेला बैल मी नेला, पर खोड झाकनाऱ्याच्या दावनीला पाऊल ठिवलं न्हाई."

पोरीला बैलाच्या मापानं मोजलं, हे खरं. पर त्या मानसाच्या बोलन्यात वंगाळ न्हवतं. त्याच्यापाशी दुसरं माप न्हवतं. मग त्यो मुलाकडं वळला आन म्हनला, तुला नांदायचं हाय, तू बोल. पोरगा आधी चंद्रीच्या पायाकडं बगत बसला, मग म्हनला, त्यो शिंपला शिवऱ्याला कोन करून देनार?

नाना म्हनलं, "मी हाय तवर मी."

शिरा खाऊन, वैशाखातली तिथ धरायचं बोलून ते गेलं. भाऊ त्येंना वाटंला लावाय गेला. घरात मी, चंद्री आन नाना ऱ्हायलो. नाना घोंगडं हुडकत व्हतं, आनलं न्हाई हे इसरून.

मी खुर्ची पुसायला वाकले. चौथा पाय बगितला. बाकीच्या तिन्हींसंगं उभा केला तर वळखू येनार न्हाई असा. तसाच उडीच्या आधीचा, वाकलेला. पर नवं लाकूड न्हवतं ते. धुरानं काळं पडलेलं. चुलीवरच्या आढ्याला वरसानुवरसं टांगलेल्या कनसांचा असतो त्यो रंग.

म्या म्हनलं, नाना, हा पाय आजचा न्हाई.

"आठ वरसं झाली असतील."

आठ वरसं. म्हंजी त्यानंतर केलेलं, टाकलेलं, वाडीनं उचललेलं सगळं पाय फुकटचं. माझ्या गोठ्यातल्या दोन खुट्ट्या तर मागल्याच सालच्या. म्या पुसलं, मग निवून का न्हाई दिली?

नाना वसरीच्या कडंला टेकलं. पाय जमला त्या दिवशी ते भोरला गेलं व्हतं, पाय पिशवीत घालून. आधी दावावा, मग खुर्ची आनावी म्हनून. बंगल्याला कुलूप. पायऱ्यांवर गवत. समोरचा पानवाला म्हनला, बाईसाहेब गेल्या श्रावनात वारल्या. सामान कुनी नेलं, कुठं नेलं, म्हाईत न्हाई. नाना माघारी येताना यष्टीत बसलं न्हाईत. पिशवी घेऊन चालत आलं.

"पाय लावला की काम झालं," ते म्हनलं. "झालं की निवून द्यायची. द्यायची कुनाला, सूनबाय? म्हनून ठोकळ्यावर ठिवली. तीन पायांवर व्हती तवर त्येंचीच व्हती."

चंद्री चुलीपाशी च्या टाकत व्हती. 

म्या म्हनलं, मग आज लावलात.

नानांनी तिच्याकडं बगितलं. "हिला हात न टेकता उठायचं व्हतं."

  मी खुर्ची उचलली आन त्येंच्या म्होरं ठिवली. म्हनलं, आता हिला चार पाय हायेत, आता ही बसायची हाय. बसा.

नाना आधी न्हाई म्हनलं. मग हात धोतराला पुसलं, आन बसलं. अगदी कडंला. कुनाच्या तरी घरी गेल्यावर बसत्यात तसं, गुडघं जवळ घेऊन. बारा वरसं पुसलेल्या त्या खुर्चीवर पैल्यांदा. चंद्रीनं च्या आनून दिला. त्येंनी बशी घेतली न्हाई, कप दोन्ही हातांत धरून ठिवला. डोळं वर गेलं, तिथं काय न्हवतं, आमचं कौलारू छप्पर. बगत बसलं. च्या गार झाला.

कितीतरी वेळानं भानावर आलं आन दचकून उठाय लागलं. खांब धरला. काम पडलंय, म्हनलं, जातो.

म्या त्येंच्या हातातला गार च्या घेतला आन चंद्रीला दुसरा टाकाय सांगितला.

"बसा नाना," म्या म्हनलं. "घाई न्हाई."